काळ्याचा मान

आसारामनं वजिरापुढचं प्यादं एक घर सरकवलं, लगेच राजापुढचंही सरकवलं, आणि घड्याळाचं बटण दाबलं.

समोरची मोनिका, कॉलेजातली पोरगी, एकदा पटाकडं आणि एकदा त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं हात वर करून पंचांना बोलावलं.

आसारामला त्याचंही काही वाटलं नाही. बायको, राहीबाई, गेल्यापासून त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. भाकरी समोर आली की खायची, अंथरूण टाकलं की पडायचं. दहाव्यालाही डोळ्यांत टिपूस नाही. बेलापुरातल्या बाया कुजबुजल्या, आणि त्याला स्वतःलाच धास्ती बसली, आपण आतून लाकूड तर झालो नाही? म्हणून आरतीनं, लेकीनं, श्रीरामपूरच्या या स्पर्धेत त्याचं नाव घातलं. बायकोबरोबर रोज दुपारी पट मांडायचा, तेवढाच त्याला नाद.

"आजोबा, दोन चाली केल्या तुम्ही," पंच म्हणाले.

"व्हय. काळ्याला पहिल्यांदा दोन असत्यात की."

"असं कुठं असतं?"

"असतंय. पांढरा आधी निघतो, म्हनून काळ्याला मान."

"असा नियमच नाही. कुणी सांगितलं?"

"आमच्या मंडळींनी."

मोनिका फिसकन हसली. "लई गंडवलंय तुमाला, आजोबा!"

आसाराम पटाकडं बघत बसला. राहीबाईच्या थापा साऱ्या गावाला माहीत. शिर्डीला निघालेलं विमान आपण भाकरी दाखवून शिवारात उतरवलं, असं ती शपथेवर सांगायची, आणि तो पोट धरून हसायचा. पण पट मांडला की ती पदर खोचून काळ्या बाजूला बसायची. "घ्या तुमी पांढरी. मी आपली मागनं येते." जन्मभर. हरेल त्यानं चहा करायचा. चहा कायम आसारामच करायचा.

"आधी हात लावलेलं राहू द्या, दुसरं मागं घ्या," पंच म्हणाले. "यांना दोन मिनिटं वाढवून देतो."

आसारामनं राजापुढचं प्यादं उचललं. ते जागेवर ठेवता ठेवता त्याचे खांदे गदगदले. दारातून आरती धावत आली.

"काय झालं, आण्णा?"

हसतोय की रडतोय, त्याचं त्यालाच कळेना. नाकाडोळ्यांचं पाणी बाहीला पुसत त्यानं पंचांकडं पाहिलं.

"साहेब, मग येवढा चहा केला मी, त्याचं काय?"