पूर पुढच्या वर्षी

चेक देशातल्या आमच्या मिकुलोव गावात संत मार्टिनच्या दिवशी, अकरा नोव्हेंबरला, नवी वाइन उघडतात, आणि त्याच दिवशी आमची छोटी कंपनी नवा व्हिडिओ गेम बाजारात आणते. आजवर एकही वर्ष चुकलेलं नाही. खेळातलं गाव दर वर्षी तेच असतं, त्यामुळे घरं आणि गल्ल्या नव्याने काढाव्या लागत नाहीत. गोष्ट तेवढी नवी लागते. ती मी लिहितो, बरी की वाईट देव जाणे.

यंदा मी गोष्टीत पूर आणला होता. गावातल्या मळ्यांत द्राक्षं उतरवून झाली, मार्टिनचा दिवस जवळ आला, तरी पडद्यावर पाणी नीट वाहीना.

"आजोबा, तुमचा पूर जेलीसारखा थरथरतोय," आमचा प्रोग्रामर ओता म्हणाला. "पुढच्या वेळी दुष्काळ लिहा."

मालकीण राद्का हसली नाही. "यंदा मार्टिन चुकणार," ती म्हणाली.

मला चारचौघांत बोलायचा धीर होत नाही. तरी पुटपुटलो, "पूर पुढच्या वर्षी येऊ दे. यंदा दाराखालून पाण्याची पहिली रेघ आत येते, तिथेच खेळ संपवू."

"लोक चिडतील," ओता म्हणाला.

"चिडतील, आणि पुढचं बघायला परत येतील." राद्का माझ्याकडे बघत म्हणाली. "ओता, एक रेघ जमेल ना?"

"रेघ काय, आजच देतो."

मार्टिनच्या दिवशी खेळ बाजारात आला. तळघरात राद्काने नव्या वाइनचा पहिला पेला माझ्या हातात दिला. ओताच्या फोनवर लोक सारखे विचारत होते, त्या घराचं पुढे काय झालं?

"सांगू नका हं, आजोबा. पाणी आत्ता कुठे वाहायला लागलंय."

मी कुणालाच सांगितलं नाही. घरी जाताना मात्र मान नेहमीसारखी खाली नव्हती.