वेटोळे आणि भोपळ्या

डॉक्टरांनी त्या पत्राचे उत्तर कितीतरी दिवस दिले नव्हते. मित्रांनो, पत्र त्यांना आले होते, पण त्यात विचारणा होती माझी!

मी एक जुने वेटोळे आहे. तांब्याच्या तारेचे, गादीत शिवलेले, जनावरांच्या दवाखान्यात कोपऱ्यात पसरलेले. माझ्यातून वीज गेली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते म्हणे. त्याने म्हाताऱ्या जनावरांचे आखडलेले सांधे सुटतात, असे कोणी म्हणते. कोणी म्हणते, थोतांड. मला ते क्षेत्र कधी दिसले नाही.

शिंपीणबाईंचा म्हातारा कुत्रा भोपळ्या माझ्यावर झोपे. बाई शेजारी बसून त्याची पाठ चोळत. “ऊठ की रे, जावयासारखा काय पसरलास!” आधी त्याला उचलून आणावे लागे, पुढे तो आपल्या पायांनी येऊ लागला. “वेटोळ्यानं म्हाताऱ्याला तरणा केला,” बाई म्हणाल्या. माझ्या तांब्याच्या अंगावरही मूठभर मांस चढले.

मग बाई लेकीकडे परगावी गेल्या. तिथून पत्र आले: ‘भोपळ्या पुन्हा आखडलाय. लेक म्हणते, हाल नकोत, त्याला कायमचं झोपव. तुमचं वेटोळं पाठवता का? की त्याची वेळ झाली?’

मला पाठवण्याआधी डॉक्टरांनी मिस्त्रीकडून तपासून घेतले. त्याने शिवण उसवली आणि हसला. “बटणावरचा दिवा लागतोय, पण आत तार तुटलीय. कधीची, देव जाणे. कुत्र्याला नुसतं लोळवत होतात की काय?”

मग भोपळ्याला बरे केले कोणी? मी, बाईंच्या हाताने, की काळानेच थोडी सूट दिली? माझे डोके चालेना. डॉक्टरांची लेखणीही चालेना.

“खरं काय ते लिहून टाका ना,” कंपाउंडरबाई वैतागल्या.

“खरं मला कुठं माहितीय?”

“मग तेच लिहा. तिकडे त्या जिवाचा निकाल लागायचाय!”

डॉक्टर माझ्यावरच बसले आणि लिहिता लिहिता पुटपुटले, “यंत्राचं खात्रीनं सांगता येत नाही. तो खात असेल, शेपूट हलवत असेल, तर घाई नको. तिथल्या डॉक्टरांना दाखवा. पाठ मात्र रोज चोळा.”

मित्रांनो, मी उपयोगाचे की नाही, मला अजून कळलेले नाही. पण तुमच्या घरी एखादे म्हातारे जनावर असेल, तर माझी वाट पाहू नका; आधी त्याच्याजवळ बसा.

डॉक्टर गुडघे चोळत उठले, रस्ता ओलांडून गेले. समोरच्या टपालपेटीचे झाकण खडकन वाजले.