घरचं मैदान

वासुदेव गद्रे बोलायला उभा राहिला की शैलेंद्र उपासनीला ते बघवत नसे. नुसता मत्सर म्हणून ते सोडून देता येण्यासारखं नव्हतं, कारण वासू त्याचा मित्र होता, अगदी घरोब्याचा. दुबईच्या ऊद मेथा भागातल्या एकाच इमारतीत दोघांची बिऱ्हाडं, एक वर, एक खाली. दिवाळीचा फराळ जिन्यातून वर-खाली जायचा.

रग्बी लीगचं वेड शैलेंद्रला लावलं तेही वासूनेच. नोकरीच्या निमित्ताने वासू बरीच वर्षं इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या एका लहान गावात राहिला होता. तिथे रविवारच्या थंडीत मैदानाच्या कठड्याला टेकून उभं राहायला तो शिकला आणि दुबईला येताना तो खेळच बरोबर घेऊन आला. तेरा-तेरा जणांची ही रग्बी. पंधरा जणांची ती दुसरी, आणि तिचं नाव काढलं तरी ही लीगवाली मंडळी नाकं मुरडायची. वासूने हळूहळू इंग्रज, ऑस्ट्रेलियन, चार लेबनीज पोरं आणि दोन-तीन आपली माणसं जमवून क्लब काढला, पार्क रेंजर्स. पार्क म्हणजे दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क ही औद्योगिक वसाहत. तिथल्या एका काँक्रीटच्या कारखान्यामागे मोकळा प्लॉट होता. वासूने मालकाला गळ घालून तो मिळवला, हिरवळ लावली, एच आकाराचे गोलपोस्ट उभे केले. बाजूला कामगारांच्या इमारती, त्यांच्या गॅलऱ्यांतून वाळत घातलेले कपडे. शुक्रवारी मॅच असली की त्या कपड्यांच्या आडून शे-दीडशे माणसं फुकटात बघायची आणि कुणी आडवा झाला की शिट्ट्या मारायची.

क्लबचा सेक्रेटरी शैलेंद्र. मैदान आखून घेणं, मेल पाठवणं, रेफरीची सोय करणं, सगळं तोच बघायचा. पण गोरी मंडळी प्रेमाने ‘व्हॅस’ म्हणून हाक मारायची ती वासूला. शैलेंद्र हे नाव त्यांच्या तोंडात बसेना, म्हणून त्यांनी त्याला ‘शेली’ करून टाकलं. शेली हे बाईचं नाव आहे हे त्याला फार उशिरा कळलं. तोवर ते बदलून घ्यायची वेळ निघून गेली होती.

दोन हजार आठच्या दिवाळीनंतर मंदी आली आणि सगळंच फिरलं. क्रेन जिथल्या तिथे थांबल्या. शैलेंद्र एका बिल्डरच्या ऑफिसात काँट्रॅक्ट्स बघायचा. तिथे गुरुवारी दुपारी एचआरचा फोन वाजला की अख्खा मजला माना खाली घालून बसायचा. कारखान्याच्या मालकानेही निरोप धाडला, की मैदान वापरा, पण यापुढे पाणी आणि देखभाल तुमची तुम्ही बघा. त्याच सुमाराला अबुधाबीहून ग्रॅहमचा प्रस्ताव आला. ग्रॅहम म्हणजे खलिफा सिटी ऑरिक्स या मोठ्या क्लबचा अध्यक्ष, ऑस्ट्रेलियन, तिथल्या एका बांधकाम कंपनीचा मोठा साहेब. आमच्या मैदानावर या, एकच मैदान दोन क्लब मिळून वापरू, असं त्याचं म्हणणं.

झालं. त्यानंतर पार्क रेंजर्सच्या मंडळींना दुसरा विषय सुचेना. सिडनीहून आलेले म्हणायचे, आमच्याकडे अनेक क्लब एकाच स्टेडियमवर खेळतात, कुणाचं काही अडत नाही. त्यावर लगेच कुणी म्हणायचं, म्हणूनच तिथे निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. इंग्रजांत दोन तट पडले. फुटबॉल क्लबच्या स्टेडियममध्ये भाड्याने खेळलेल्या क्लबांच्या कहाण्या निघाल्या: तारखा आधी त्यांच्या, खुर्च्यांचा रंग त्यांचा, आणि पावसाने चिखल झाला की मॅच तेवढी आपली रद्द. वासू मात्र दर वेळी एकच गोष्ट सांगायचा. त्याच्या गावातलं जुनं मैदान विकून तिथे सुपरमार्केट झालं, क्लब शेजारच्या शहरात दुसऱ्याच्या मैदानावर गेला, आणि म्हातारे प्रेक्षक मॅचच्या दिवशी त्या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये येऊन नुसते उभे राहायचे. तो हे सांगायला लागला की आडदांड माणसंही गप्प व्हायची. शैलेंद्र मनात म्हणायचा, पुन्हा जिंकला हा.

जानेवारीत ग्रॅहमने शैलेंद्रला कॉफीला बोलावलं. मैदानाचं बोलणं पाच मिनिटांत आटोपलं. मग ग्रॅहम सहज म्हणाला, की अबुधाबीत कामं चालू आहेत, आम्हाला एक काँट्रॅक्ट्स मॅनेजर लागणार आहे, आणि तुमचा क्लब इकडे आला तर तुझं येणंजाणं वाढेलच, शेली. याहून जास्त काही तो बोलला नाही. शैलेंद्रलाही त्याहून जास्त ऐकायचं नव्हतं.

त्याच आठवड्यात, भर कामाच्या दिवशी, शैलेंद्र कोपऱ्यातले झेंडे न्यायला मैदानावर गेला. बघतो तर वासू. ऑफिसचा इस्त्रीचा शर्ट, पँटच्या घड्या घोट्यावर, हातात रबरी नळी. एकटाच हिरवळीला पाणी घालत होता. शैलेंद्रला बघून तो आधी हसला, मग त्याचा चेहरा पडला. नोव्हेंबरातच नोकरी गेली होती. रोज सकाळी उर्मिलाने भरून दिलेला डबा घेऊन तो घराबाहेर पडायचा आणि इथे येऊन बसायचा.

“उर्मिलाला माहीत नाही,” वासू म्हणाला. “नीरवची बारावी होऊ दे. मोहिद्दीनने माझा व्हिसा तेवढा कॅन्सल करायचा थांबवलाय, मार्चअखेरपर्यंत. त्याच्याच अंगावर येईल ते. तू कुणाजवळ बोलू नकोस, शैलू.”

मोहिद्दीन वासूच्या कंपनीत व्हिसाची कामं बघायचा. वासूने कधीकाळी त्याच्या भावाला नोकरी लावली होती. शैलेंद्रने वासूच्या खांद्यावर हात ठेवला आणि वेडा आहेस का, मी कशाला बोलू, असं म्हणाला. ते तो मनापासून म्हणाला. झेंडे गाडीत टाकताना मात्र त्याला एकदम हलकं वाटलं आणि परतीच्या रस्त्यावर तो चक्क गुणगुणत होता.

मतदान पुढच्या शुक्रवारी ठेवलं होतं, मॅच झाल्यावर, मैदानाकडेच्या पोर्टाकेबिनमध्ये. सगळे कुटुंबासकट आले होते. उर्मिलाने नेहमीप्रमाणे साबुदाण्याचे वडे आणले होते; गोऱ्यांना ते इतके आवडायचे की मॅच हरली तरी वड्यांसाठी थांबायचे. नीरव खेळून आला होता, ढोपरं सोललेली. दुसऱ्या रांगेत लतिका बसली होती. तिचा नवरा क्लबमधून खेळायचा आणि ती वासूच्याच कंपनीत एचआरला होती. शैलेंद्रने आत येतानाच तिला पाहिलं होतं.

वासू बोलला, आणि नेहमीपेक्षाही चांगला बोलला. पाणी आपण घालू, पाळ्या लावू, मी स्वतः निम्म्या पाळ्या घेतो, असं म्हणाला. दुसऱ्याच्या घरी कितीही आदराने ठेवलं तरी पाहुणा शेवटी पाहुणाच, तो चहा विचारूनच घेतो, असं म्हणाला. लोक माना डोलवायला लागले. मागे ग्रॅहम हाताची घडी घालून उभा होता. त्याने एकदाच शैलेंद्रकडे पाहिलं.

शैलेंद्र उठला. तो इंग्रजीत बोलला, सावकाश, सगळ्यांना नीट कळेल असं.

“व्हॅस निम्म्या पाळ्या घेणार म्हणतोय, ते खरं आहे. त्याच्याकडे वेळ आहे. नोव्हेंबरपासून त्याला नोकरी नाही. रोज तो इथेच बसलेला असतो. त्याचा व्हिसाही कुणाच्या तरी मेहेरबानीने चालू आहे, मार्चपर्यंत. मार्चनंतर तो या देशात नसेल. ज्याला स्वतःला इथे घर उरलं नाही, त्याच्या हट्टापायी आपण घरचं मैदान धरून बसायचं का, एवढंच मला विचारायचंय.”

उर्मिलाकडे बघायच्या ऐवजी वासू जमिनीकडे बघत राहिला. उर्मिलाच्या हातात वड्यांचं ताट होतं. तिने ते शांतपणे टेबलावर ठेवलं, पदराला हात पुसले आणि वासूजवळ जाऊन उभी राहिली. नीरव दारात होता. तो बूटसुद्धा न बदलता बाहेर निघून गेला. लतिकाचा चेहरा पांढरा पडला होता. व्हिसाचं आपण ऐकलंच नाही असं तिला आता कंपनीत म्हणता येणार नव्हतं. शंभर कानांनी ते तिच्या देखत ऐकलं होतं.

मतदान झालं. खलिफा सिटीला जायचं ठरलं.

रविवारी ऑफिस उघडलं आणि दुपारच्या आत वासूचा व्हिसा रद्द झाला. मोहिद्दीनला त्याच दिवशी काढलं. बायको-मुलांसह तोही हैदराबादला परत गेला. गद्र्यांच्या हातात देश सोडायला महिना उरला, आणि नीरवच्या परीक्षा त्या महिन्याच्या पलीकडे होत्या.

चार दिवसांनी उर्मिला वर आली. बरोबर नीरव होता. मंजुषाने, म्हणजे शैलेंद्रच्या बायकोने, दार उघडलं आणि तिला मिठीच मारली. उर्मिला सोफ्याच्या कडेला बसली.

“भावजी, नीरवला व्हिजिट व्हिसावर ठेवून घेता का? परीक्षा होईपर्यंत. हॉलमध्ये झोपेल. त्याचं सगळं तोच करतो, तुम्हाला काही बघावं लागणार नाही.”

मंजुषा लगेच म्हणाली, “अगं, हे काय विचारायचं? आमच्या वेदांगच्या खोलीत...”

“नाही जमणार,” शैलेंद्र म्हणाला.

त्याने कारणं दिली. माझ्याच नोकरीचा भरवसा नाही, आम्हालाच कदाचित अबुधाबीला हलावं लागेल, वेदांगचा अभ्यास आहे, दुसऱ्याच्या मुलाची जबाबदारी फार मोठी असते. बोलता बोलता त्याला स्वतःलाच ती पटायला लागली. खरं होतं ते निराळंच. रोज रात्री जेवताना तो मुलगा समोर बसलेला त्याला नको होता.

उर्मिलाने एकदा मान हलवली. ती उठेना, तेव्हा नीरवनेच तिचा हात धरला. “इट्स ओके, आई,” तो म्हणाला. “लेट्स गो.” जाताना त्याने शैलेंद्रला “बाय, अंकल,” म्हटलं, सवयीने.

दार लागल्यावर मंजुषा म्हणाली, “तू हे कशासाठी केलंस, ते मला सांगू नकोस. मला ऐकायचं नाही.” आणि ती स्वयंपाकघरात गेली.

गद्रे फेब्रुवारीत पुण्याला गेले. नीरवचं वर्ष गेलं. शैलेंद्रला विमानतळावर जायचं धाडस झालं नाही; मंजुषा गेली, आणि परत आल्यावर कपडेही न बदलता झोपली.

शैलेंद्रला अबुधाबीची नोकरी मिळाली. खलिफा सिटीत प्रशस्त फ्लॅट, मैदानापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. पार्क रेंजर्सचे सामने तिथे होऊ लागले. पहिल्या वर्षी त्यांना शुक्रवारची संध्याकाळ मिळाली, दुसऱ्या वर्षी शनिवारची भर दुपार. कपडे बदलायची खोली आधी निम्मी होती, मग ज्युनियर मुलांबरोबर वाटून घ्यायची झाली. दुबईहून येणारे प्रेक्षक ट्रॅफिकला कंटाळून गळत गेले. लेबनीज पोरांनी दुसरा क्लब गाठला. शैलेंद्र तक्रारीच्या मेल पाठवायचा आणि ग्रॅहम उत्तर द्यायचा, नो वरीज, शेली, बघतो. ग्रॅहम आता त्याचा बॉस होता, त्यामुळे दुसरी मेल पाठवायला शैलेंद्रचा हात धजायचा नाही. आणि काही बोलावं तर पार्क रेंजर्सची जुनी माणसं त्याच्याशेजारी उभीही राहत नसत. खलिफा सिटीच्या बाजूने मतं देणाऱ्यांनीसुद्धा त्या शुक्रवारनंतर त्याच्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं होतं.

दोन हजार अकराच्या उन्हाळ्याआधी ऑरिक्सच्या कमिटीची मीटिंग झाली. विषय एकच होता: एका मैदानावर दोन नावं कशाला, पार्क रेंजर्स हे नाव बंद करून उरलेले खेळाडू ऑरिक्समध्ये घ्यावेत. पार्क रेंजर्सच्या बाजूने त्या टेबलाशी एकटा शैलेंद्र होता. एका तरुण इंग्रजाने, बहुधा भलेपणाने, विचारलं की तुमचं जुनं मैदान अजून मिळेल का. शैलेंद्रला माहीत होतं, की हिरवळ कधीच जळून गेली होती आणि कारखानेवाल्याने तिथे गोदाम बांधायला घेतलं होतं. नाही मिळणार, असं तो म्हणाला.

ग्रॅहमने विरोधात कोण ते विचारलं, आणि तसं विचारताना तो शैलेंद्रकडेच बघत राहिला, हसतमुखाने. ऑफिसात त्या महिन्यात माणसं कमी करायची चालली होती. शैलेंद्रने हात वर केला नाही. बाजूने कोण, असं विचारल्यावर त्याने केला. सगळ्यांत आधी केला.

“गुड मॅन, शेली,” ग्रॅहम म्हणाला, आणि पुढचा विषय घेतला.

उन्हातून चालत तो घरी आला. आतल्या खोलीतून मंजुषाच्या हसण्याचा आवाज येत होता. असं खळखळून ती या घरात कधी हसली होती ते त्याला आठवेना. ती फोनवर होती. मध्येच “अगं उर्मिला, थांब,” म्हणाली, आणि मग नीरवला इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला किती मिळाले ते परत एकदा सांग म्हणाली. त्या दोघी बोलत असतात हे शैलेंद्रला ठाऊक नव्हतं. कधीपासून, तेही नाही.

तो दाराशी गेला. मंजुषाने त्याला पाहिलं, आवाज खाली आणला, आणि फोन कानाला तसाच धरून पायाने दार लोटून घेतलं.