काय म्हणालात?

“पुढची!” ऑर्गनच्या पोटातून मिस्त्रींचा आवाज आला.

बाईंनी पट्टीवरचं बोट उचललं नाही. दोन नळ्या एकदम वाजत होत्या आणि त्यांचा सूर अजून हिंदकळत होता, काठोकाठ भरलेली बादली उचलावी तसा.

“काय म्हणालात?”

“पुढची म्हटलं, पुढची! कानात बोळे घातलेस का?”

“ऐकू नाही आलं हो.”

आत पुटपुटणं झालं, मग टकटक. नळीच्या तोंडावर सूर जुळवायच्या पितळी शंकूचे दोन ठोके. हिंदकळणं थांबलं, दोन सुरांचा एक झाला.

“पुढची!”

हे मात्र बाईंना लगेच ऐकू आलं.

एक ऑर्गन पाडलेल्या चर्चमधला, दुसरा शाळेच्या सभागृहातला, तिसऱ्याच्या भात्यात उंदरांचा संसार. तिन्ही सोडवून, धुऊन-पुसून, नवं चामडं चढवून मिस्त्री नवरा-बायकोने दोन वर्षांत या चर्चसाठी त्यांचा एक केला होता. “तीन घरच्या सुना एका चुलीवर आणल्यात, भांडणारच,” असं मिस्त्री म्हणत. रविवारी पहिली उपासना होती. राहिली होती ती सगळ्यात लहान नळ्यांची रांग. पेन्सिलीएवढ्या नळ्या, सुईसारखा आवाज.

गेल्या वर्षी शिट्टीची किटली गॅसवर किंचाळत होती आणि शेजारी बसून मिस्त्री शांतपणे पेपर वाचत होते. बाईंनी गॅस बंद केला आणि चहा गाळला. ज्याने आयुष्यभर कानांवर भाकरी मिळवली, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतःच बहिऱ्या झाल्या. सूर जुळेपर्यंत त्यांना ‘पुढची’ ऐकूच येईना.

बाजूचं दार उघडून फादर आत आले. मागे शाळेतले गायनमास्तर होते.

“बाई, तुम्ही आता विश्रांती घ्या,” फादर मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाले. “मिस्त्री दिवसभर ओरडतात, बाहेर रस्त्यावर ऐकू येतं. पट्ट्यांवर मास्तर बसतील. त्यांचे कान तिखट आहेत.”

“नको हो, माझं चाललंय की.”

“अहो, संकोच कसला? वय झालं की व्हायचंच.”

बाईंनी पदर सारखा केला. मला ऐकू येतं म्हणावं, तर मग कोणाला येत नाही? आणि गप्प बसावं, तर पहिल्याच नळीला हे तिखट कान मिस्त्रींची चूक फादरांसमोर बोलून दाखवणार. मनातल्या मनात देवाचं नाव घेत त्या उठल्या. मास्तर बाकावर बसले आणि त्यांनी बाह्या सारल्या.

ऑर्गनचं छोटं दार करकरलं. मिस्त्री वाकून बाहेर आले. केसांत भुसा, चष्मा कपाळावर.

“मास्तर, कान चांगले आहेत म्हणे तुमचे?”

“अगदी! टाचणी पडली तरी कळतं.”

“म्हणजे मी पुढची म्हटलं, की लगेच पुढची वाजवणार?”

“वाजवणारच.”

“मग तुम्ही काही कामाचे नाही,” मिस्त्री हात पुसत म्हणाले. “मला बहिरीच लागते.”

फादर खो खो हसले. “इतक्या वर्षांची सवय! चला मास्तर, आपली डाळ इथे शिजायची नाही.”

ते गेले. बाई खाली मान घालून पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिल्या. मिस्त्रींनीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. बाकावरचा भुसा हाताने झटकला आणि ते पुन्हा आत गेले.

बाईंनी पट्टी दाबली. आत टकटक झाली, थांबली, पुन्हा झाली. मग बराच वेळ काहीच नाही. ‘पुढची’सुद्धा नाही.

“झालं का गं?” आतून हळूच विचारणा झाली.

सुरात अजून केसभर थरथर होती.

“एक ठोका,” बाई म्हणाल्या. “अगदी हलका.”