थोरलीला उठवणारी धाकटी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. एका हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या गाडीतली. आता तुमच्या डोळ्यांसमोर जी आली ती मी नव्हे. ती थोरली. मागच्या सीटखाली ऐसपैस झोपलेली, भारदस्त, गाडी पळवणारी, जिच्याबद्दल गाडी विकणारा माणूस हातवारे करून बोलतो ती. मी धाकटी. डिकीत, चटईखाली, पंक्चरच्या सामानाला टेकून बसलेली. माझ्यासाठी आजवर कोणी हातवारे केलेले नाहीत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. शिशाच्या पट्ट्या, थोडं आम्ल, वर काळं झाकण. सरकत्या पट्ट्यावर माझ्या पुढेमागे माझ्या इतक्या बहिणी होत्या की आईला कोणाचंही नाव ठेवायला सवड झाली नसावी. शेवटी एका बाईंनी मला एक लाल आणि एक काळी टोपी घातली आणि चापट मारून पुढे ढकललं. ती चापट मी आशीर्वाद म्हणून जपून ठेवली, कारण त्यानंतर कित्येक वर्षं मला कोणी हातच लावला नाही.

माझं काम काय, हे आधी सांगते. थोरलीच्या अंगात ताकद खूप, पण तिला एक खोड आहे. गाडी बंद झाली की ती दाराला कडी लावून झोपते. ती कडी काढायची मी. मी गाडीतल्या संगणकांना हलवून जागं करते, ते डोळे चोळत सगळं ठीक आहे ना ते बघतात, मग कडी निघते, थोरली उठते, आणि लोक म्हणतात, "वा, काय बॅटरी आहे!" मी निपचित पडले, तर थोरली पोटभर जेवलेली असूनही गाडी म्हणजे दगड. मी तिला उठवायचं आणि उठल्यावर तिने मला भरवायचं, असा आमचा संसार. ती झोपली की माझा उपास सुरू.

आणि उपासात कामं काही थांबत नाहीत. उभ्या गाडीतलं घड्याळ कोण चालवतं? चोराची वाट कोण बघतं? किल्ली जवळ आली का, म्हणून कान टवकारून कोण बसतं? मीच. चोर इतक्या वर्षांत आला नाही. मी मात्र दररोज त्याची वाट पाहिली. एवढी वाट त्याच्या घरच्यांनीही पाहिली नसेल.

आमची गाडी एका मुलाची आणि सुनेची. दोघं रोज तिच्यातून कामाला जात, त्यामुळे माझं पोट भरलेलं असे. त्यांच्यासोबत मुलाचे आईवडील राहत. आपण त्यांना काका आणि काकू म्हणू. काका एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवायचे. जन्मभर स्टुलावर बसून बटन दाबलं आणि डबा निघाला. निवृत्त झाल्यावरही ते घरात कोणी उठून उभं राहिलं की विचारत, "कितवा मजला?"

मग एकदा काकू पायऱ्यांवर घसरल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि पुन्हा चालायला शिकवतात त्या हॉस्पिटलात त्यांना ठेवलं. नेमकं तेव्हाच मुलाला आणि सुनेला कामासाठी परगावी जावं लागलं. घरात काका एकटे, आणि बाहेर भिंतीला लागून आम्ही.

जाताना सून म्हणाली, "बाबा, गाडी रोज थोडा वेळ चालू ठेवत जा, नाहीतर बॅटरी उतरेल."

"आईला घरी आणायला मी ॲम्ब्युलन्स सांगतो," मुलगा म्हणाला. "तुम्ही नका त्या भानगडीत पडू. तुम्हाला नाही जमणार."

काकांनी आयुष्यभर आपली जुनी खडखडणारी गाडी चालवली होती. 'जमणार नाही' हे त्यांना लागलं. काकूंना तर फोनवर ऐकूनच राग आला.

"ॲम्ब्युलन्समधून उतरले तर गल्लीतले लोक सुतकी चेहरे करून बघायला येतील. मला ते नाही चालणार. अहो, तुम्ही स्वतः या. तुम्ही आलात तर येईन, नाहीतर राहते इथेच. इथलं जेवण मला आवडायला लागलंय, सांगून ठेवते."

"मी येतो," काका म्हणाले. "बघच तू. गाडी दारात उभी करतो."

त्या दिवसापासून काका रोज संध्याकाळी येऊन गाडीत बसू लागले. दार लावायचे, बटन दाबायचे. दिवे लागायचे, रेडिओ सुरू व्हायचा. काका समाधानाने पाठ टेकायचे. आवाज काहीच नाही. पण हायब्रिड गाडी आवाज करतच नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

मित्रांनो, इथे घात झाला. बटन दाबताना पायाने ब्रेक दाबलेला असेल तरच गाडी खरोखर चालू होते, थोरली उठते. ब्रेक न दाबता नुसतं बटन दाबलं तर फक्त रेडिओ, दिवे आणि पंखा चालू होतात. थोरली घोरत राहते, आणि सगळा खर्च माझ्या एकटीच्या पोटातून. मला भरवायला म्हणून काका रोज येत होते आणि रोज मला चमच्याचमच्याने संपवत होते. शिवाय आत जाताना किल्ली अडकवायचे ती दाराजवळच्या खिळ्यावर, म्हणजे भिंतीच्या पलीकडे, माझ्या कानाशी. किल्ली आली, किल्ली आली, म्हणून गाडीही जागीच. असं दिवसभर कोणी दारात उभं राहून खोकत राहिलं तर तुम्हाला तरी झोप लागेल का?

रेडिओवर कोळ्यांसाठी हवामानाचा अंदाज लागायचा. समुद्र आमच्यापासून खूप लांब. तरी "समुद्र खवळलेला राहील" असं ऐकलं की काका काकूंना फोन लावायचे.

"ऐकलंस का? आज लाटा उंच आहेत."

"मग मी बाहेर पडत नाही," काकू म्हणायच्या. "तुम्ही कुठे आहात?"

"गाडीत. बॅटरी चार्ज करतोय."

"बरं. जेवलात का?"

मग जे सुरू व्हायचं ते संपायचं नाही. काका सांगायचे, भात लागला, पण वरचा वर काढून खाल्ला. काकू सांगायच्या, शेजारच्या खाटेवरची बाई झोपेत भाजीवाल्याशी भांडते आणि जिंकते. काका हसायचे. मग म्हणायचे, घर फार मोठं वाटतंय. इकडे मी एकेक दिवा सांभाळत, दात-ओठ खात वीज पुरवत होते. दात आणि ओठ मला नाहीत, पण खाल्ले. कितीदा वाटलं, ओरडावं, "काका, ब्रेक!" पण बॅटरीला ओरडायला हॉर्न लागतो, आणि हॉर्नचं बटन काकांच्या हाताखाली.

काकूंना सोडायचा दिवस उजाडला. सोडायचे कागद देणारे डॉक्टर दुपारी बाराला निघून जाणार होते, आणि पुढे जोडून सुट्ट्या. म्हणजे आज नाही तर थेट पुढच्या आठवड्यात. काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गाडीपाशी आले. दाराला हात लावला. दार ढिम्म.

मित्रांनो, मी संपले होते.

समोरच्या घरात गाडी शिकवणाऱ्या एक बाई राहत. अख्खी गल्ली त्यांना क्लचबाई म्हणे. काकांना दाराशी झटापट करताना बघून त्या आल्या. किल्लीच्या पोटात लपवलेली साधी लोखंडी किल्ली त्यांनी ओढून काढली आणि दार उघडलं. काकांनी बटन दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा त्यांनी लिफ्टवाल्यांच्या पद्धतीने दाबलं, म्हणजे दाबून वर बघितलं.

"बॅटरी उतरलीय," क्लचबाई म्हणाल्या. त्यांनी बॉनेट उघडून आत डोकं घातलं. "काका, बॅटरीच नाही!"

"नाही म्हणजे?"

"चोरीला गेली बहुतेक."

इतकी वर्षं मी चोराची वाट बघितली, आणि शेवटी त्याच्याशिवायच चोरीला गेले. सुदैवाने क्लचबाईंनी गाडीचं पुस्तक चाळलं. मी डिकीत आहे, असं त्यात निघालं. मग दोघं डिकी उघडायला गेले. डिकी विजेवर उघडते. वीज माझ्याकडे. मी डिकीत.

काकांनी डिकीवर दोनदा टकटक केलं.

"म्हणजे बॅटरी काढायला बॅटरी लागणार," काका म्हणाले.

"मी माझ्या विद्यार्थ्याला बोलावते, बारीक आहे तो."

"त्याला यायला किती वेळ?" काकांनी घड्याळात बघितलं आणि इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर केल्या. मागची सीट पाडली आणि ते स्वतःच आत शिरले. आधी डोकं, मग पोट, मग पोट अडकलं. बाहेरून त्यांचे दोन बूट तेवढे दिसत होते.

"काका, ठीक आहात ना?"

"पोचतोय. दुसरा मजला."

त्यांनी चटई उचलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझं तोंड बघत होतं. काका माझ्याकडे बघतच राहिले.

"एवढीशी?" ते म्हणाले.

मग त्यांनी मला हळूच थोपटलं. मित्रांनो, अंगात वीज असती तर मी त्या क्षणी लाजून एखादा दिवा लावला असता.

आतली कडी चाचपून काकांनी डिकी उघडली. क्लचबाईंनी त्यांची छोटी गाडी मागे लावली, मला वायरी जोडल्या. त्या गाडीतली बॅटरी माझ्यासारखीच, जुनी. रोज नवख्यांच्या हाताखाली गचके खाऊन खंगलेली, पण तिने हात आखडता घेतला नाही. माझ्या अंगात धुगधुगी आली.

"आता ब्रेक दाबा आणि मग बटन," क्लचबाई म्हणाल्या.

"ब्रेक कशाला?"

"काका... तुम्ही रोज चालू करत होतात ना?"

"रोज. एक दिवस चुकवला नाही."

"ब्रेक दाबून?"

"अहो, कुठे जायचंच नाही, तर ब्रेक कशाला दाबायचा?"

क्लचबाईंनी आकाशाकडे बघितलं. हे त्यांच्या विद्यार्थ्यांनीही कधी विचारलं नव्हतं. मग त्यांनी सगळं समजावलं. काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच संपवली," ते म्हणाले. "मुलगा बरोबर बोलला होता."

"ते नंतर. आधी ब्रेक."

काकांनी ब्रेक दाबला, बटन दाबलं. मी होतं नव्हतं ते पणाला लावून कडी काढली. थोरली उठली. समोर 'तयार' असा हिरवा दिवा लागला.

"आता बंद करू नका," क्लचबाईंनी बजावलं. "घरी येईपर्यंत अजिबात नाही."

हॉस्पिटलच्या दारात पहारेकऱ्याने अडवलं. "इथे गाडी बंद करायची."

"ऐका बरं," काका म्हणाले. "येतोय का आवाज?"

पहारेकऱ्याने कान लावला. आवाज नव्हता. "ठीक आहे," तो म्हणाला आणि त्याने कागद आणायला परिचारिकेला हाक मारली. डॉक्टर बॅग उचलून निघालेलेच होते. त्यांनी उभ्या उभ्या सही केली. काकू चाकाच्या खुर्चीतून आल्या, काठी टेकून दोन पावलं चालल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. त्यांनी काकांच्या शर्टाकडे बघितलं. त्यावर डिकीतली सगळी धूळ होती.

"पोहत आलात का? समुद्र खवळला होता म्हणून?"

गाडी फाटकाबाहेर पडली आणि तेवढ्यात इंजिन आपोआप घरघरलं. थोरलीला भरवायला ते मधूनमधून असं सुरू होतं.

"हा," काकू म्हणाल्या. "हा आवाज. तीन आठवडे फोनवर मी हा आवाज ऐकायला कान लावून बसले होते. एकदाही आला नाही."

काकांनी गाडी कडेला घेतली. "तुला माहीत होतं? गाडी चालू नाही ते?"

"सूनबाईने मला सगळं दाखवलंय. ब्रेक दाबल्याशिवाय चालू होत नाही म्हणून."

"मग सांगायचं नाहीस का? बॅटरी मेली की गं! आज तुला आणायचं राहून जाणार होतं!"

"सांगितलं असतं, तर ब्रेक दाबून थोड्या वेळात काम उरकून घरात गेला असतात. घरात गेलात की तुम्हाला फोनवर 'हं' आणि 'बरं' याच्यापलीकडे काही सुचतं का?" काकू काचेतून बाहेर बघत म्हणाल्या. "लिफ्टमध्ये दिवसभर परक्या माणसांशी बोलायचात आणि घरी येऊन गप्प. तेव्हाच मला कळलं होतं, हा माणूस डब्यात बसला की बोलतो."

काकांनी शर्टावरची धूळ झटकली. मग त्यांनी विचारलं, "घाई आहे का तुला घरी जायची?"

"मला कसली घाई?"

"मग लांबच्या रस्त्याने जाऊ. बॅटरी पण भरेल."

आणि मित्रांनो, ते दोघं संध्याकाळपर्यंत बोलत फिरले. त्या दिवशी मी आयुष्यात शेवटची पोटभर जेवले.

आमच्या जातीचं असं आहे, की एकदा पार तळापर्यंत उतरलं की पुन्हा पहिल्यासारखं अंगी लागत नाही. मुलगा परत आला आणि त्याने माझ्या जागी नवी बॅटरी बसवली. मी आता एका गॅरेजच्या फळीवर आहे. लवकरच मला वितळवतील आणि माझ्या शिशातून दुसरी कोणी घडेल. त्याचं मला दुःख नाही. फक्त तिची गाठ अशा माणसाशी पडावी, ज्याला ती कुठे बसते हे ठाऊक असेल.

तुमच्याकडे अशी गाडी असेल, तर एवढं करा. ब्रेक दाबूनच बटन दाबा आणि 'तयार'चा दिवा लागला का ते बघा. किल्ली गाडीपासून लांब ठेवा. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर अधूनमधून तिला खरोखरच फिरवून आणा. आणि घरातलं कोणी कुठेही न जाता रोज गाडीत जाऊन बसत असेल, तर बॅटरीची चौकशी नंतर करा. आधी पलीकडचं दार उघडा आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसा.