मणीबाबांचा डावा गाल

"उजळला! गाल उजळला!"

पडदे ओढलेल्या खोलीत एकच गलका झाला. मणीबाबांनी किराणावाल्याच्या तोंडात दिव्य मणी ठेवला आणि त्याचे दोन्ही गाल लालबुंद पेटले.

"पुण्यवान आत्मा!" बाबा म्हणाले. मापात पाप करणारा हा माणूस, आणि पुण्यवान? मी तोंडाला पदर लावला.

मग माझ्या सुनेची पाळी. डावा गाल उजळला, उजवा काळाकुट्ट.

"पाप साचलंय, मुली! सुरी लावलीस तर डोळा जाईल. रोज मण्यापाशी बैस."

झालं! कित्येक महिने पोरीचा उजवा गाल ठणकतोय, नाकातून पू येतोय, वास कळत नाही. ऑपरेशन दोन दिवसांवर, आणि आमचे चिरंजीव म्हणतात, "आई, रद्द करू या."

"नाक तिचं की तुझं?" असा संताप आला मला!

दुसऱ्या दिवशी माझ्या शिवणाच्या दुकानात मशीनचा दोरा गुंतला. हात मोकळे नव्हते म्हणून छोटी बॅटरी दातांत धरली, तीही घाईत उलटी, बल्ब तोंडात, आणि टेबलाखालच्या अंधारात शिरले.

सून किंचाळली, "आई, तुमचे गाल पेटलेत!"

"माझे? सकाळपासून तिघांना शिव्या घातल्यात मी!"

तशीच तिला घेऊन ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, सगळं सांगितलं. त्या खूप हसल्या.

"गालाच्या हाडात पोकळी असते. आत हवा असली की उजेड पार होतो, पू भरला की अडतो. पण ही परीक्षा कच्ची. कुणाची पोकळी जन्मतःच लहान असते. माणूस ठणठणीत, तरी गाल काळा."

"आणि डोळा?" सुनेने विचारलं.

"जपावं लागतंच. ही पोकळी नाकात उघडते, पण तिचं तोंड प्रत्येकाचं थोडं वेगळं. तुझं एका वाकड्या हाडाआड दडलंय, आणि डोळ्याची भिंत अगदी लगत. म्हणून तर आधी स्कॅन काढला."

"म्हणजे माप घेतल्याशिवाय कात्री नाही!" मी म्हटलं. सून पहिल्यांदा हसली.

तिथून थेट बाबांकडे. चिरंजीव तिथे आधीच हात जोडून बसले होते. "बाबा, आता तुमचा गाल दाखवा."

"संतांची परीक्षा घेऊ नये, बाई!"

"दाखवा, दाखवा!" गर्दीच ओरडली. किराणावाल्याने मणी त्यांच्याच तोंडात कोंबला. उजवा गाल उजळला, डावा नुसता कोळसा.

"पापी!" लोक धावून गेले.

"थांबा!" मी मध्ये पडले. "पोकळी लहान असेल बिचाऱ्याची. पाप गालात नसतं. माझ्या सुनेच्याही नव्हतं. लबाडी आहे ती या मण्यात." मी मणी त्यांच्या तोंडातून काढून पिळला; आतून बल्ब आणि इवलासा सेल चिरंजीवांच्या पायाशी पडला. ते खाली मान घालून बघत राहिले.

लोकहो, उजेड दिसला की हात जोडायच्या आधी तो कुठून येतोय तेवढं बघा.

ऑपरेशन नीट झालं. डोळा शाबूत. काही आठवड्यांनी सून दुकानात बसली होती, एकदम ओरडली, "आई, वास येतोय!"

"कसला गं?"

"इस्त्रीचा! कापड जळतंय!"

गिऱ्हाइकाचा नवा झगा गेला कामातून. मी मात्र तिला मिठी मारून रडत होते.