पेंडीच्या पोत्याखालचा शॉकअप

वस्तीच्या तोंडाशी रातोरात एक ब्रेकर उगवला आणि कालिंदीची झोप उडाली. मी त्या घरच्या मोटारसायकलचा शॉकअप बोलतोय, मागच्या चाकाच्या डाव्या बाजूचा. उजवीकडं माझा जोडीदार होता, पण तो मुका. मला तरी नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. सांगून बघतो.

ब्रेकर घातला होता लोकांनीच. एका म्हाताऱ्याला गाडीनं उडवल्यावर त्यांनी मुरूम आणि सिमेंट टाकून उंचवटा केला. त्यांचं बरोबरच होतं. पण कालिंदीची यमू पाच वर्षांची, आणि तिची हाडं ठिसूळ. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं होतं. घरात सगळे ‘काचेची हाडं’ म्हणत. दर तीन महिन्यांनी तिला करमाडहून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागे. तिथं हाडांना बळ देणारं सलाईन लावत. ती तारीख चुकवून चालत नसे.

काळीपिवळी जीपमधून न्यावं, तर एकदा दाटीत कुणाचं कोपर लागलं आणि यमूचं गळपट्टीचं हाड गेलं. तेव्हापासून बापाची मोटारसायकलच. निदान ब्रेक कधी दाबायचा ते आपल्या हातात, असं बद्रीनाथ म्हणायचा. पण त्या ब्रेकरवर जुने शॉकअप पार तळाला टेकायचे. त्यांच्यातलं तेल केव्हाच गळून गेलं होतं. म्हणून मला आणलं.

माझा जन्म वाळूजच्या एका कारखान्यातला. जाड तारेची वेटोळी घातली, पोटात तेल भरलं आणि एका यंत्रानं मला जीव खाऊन दाबलं. मी वाकलो नाही. पास! परीक्षेत पास होणं वेगळं आणि कुणाच्या उपयोगी पडणं वेगळं, हे त्या वयात कुणाला कळतं?

शहागंजातल्या दुकानदारानं मला काउंटरवर आपटून दाखवलं. “ले जाओ भाई, पहाड लादो तो भी नै बैठते.” बद्रीनाथ खूश झाला. आपल्याकडं ही एक समजूतच आहे: जे बसत नाही, ते चांगलं. मग शॉकअप असो की माणूस.

करमाड फाट्यावरच्या बन्सी मेकॅनिकनं मला बसवलं. सीटवर दोन्ही हातांनी रेटा देऊन बघितलं. “बघा, हलतंय का? आता वीस वर्षं चिंता नाय.” जुने शॉकअप त्यानं त्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकले.

घरी येताना आम्ही त्या ब्रेकरवरून गेलो आणि बद्रीनाथ सीटवरून वीतभर उडाला. मी बसलोच नाही ना! मी दूधवाल्यांसाठी, सिलिंडरवाल्यांसाठी घडलेला. बद्रीनाथ सडपातळ, कालिंदी त्याहून. दोघं मिळून माझ्या लेखी दीड माणूस. रस्त्याचा प्रत्येक दणका मी प्रामाणिकपणे वर पोचवत होतो.

कालिंदीनं त्याला दारातच विचारलं, “कसं वाटलं?”

“नवीन आहे. जरा कडक आहे.”

“जरा म्हणजे किती?”

“आता जरा म्हणजे जरा. मोजून दाखवू का?”

कालिंदी पदवीपर्यंत शिकलेली. पण गाडीतलं आपल्याला काय कळतंय, असं स्वतःलाच म्हणायची तिची सवय. आधी म्हणायची आणि मग नेमकं तेच करायची. त्या दिवशी ती आत गेली आणि कुरड्यांचा डबा घेऊन आली. उन्हाळ्यात वाळवलेल्या, नखाएवढ्या धक्क्यानं तुटणाऱ्या. डब्याखाली गोधडी घातली, सीटला बांधला आणि नवऱ्याला म्हणाली, “ब्रेकरवरून एक चक्कर मारून या. सावकाश.”

सासू मनकर्णाबाई ओट्यावर शेंगा निवडत होत्या. “अगं बाई, माझ्या कुरड्यांना बी दवाखाना दाखवायलीस का?”

डबा परत आला तो चुरा होऊन. मनकर्णाबाईंनी झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. “तीन दिवस गहू भिजवला होता मी! शिकलेल्या सुनेनं भुगा केला.” कालिंदी चुऱ्याकडं बघत होती. त्या गोधडीवर, त्या जागी, परवा यमूला घेऊन ती स्वतः बसणार होती.

बन्सीनं माझी कडी फिरवून मला सगळ्यात खालच्या, मऊ खाचेवर आणलं. काही फरक पडला नाही. “वहिनी, नवा माल असाच असतो. हजार किलोमीटर चालू द्या, आपसूक मऊ पडंल.”

“आणि हजार किलोमीटर पोरीनं काय करायचं, भाऊजी? हवेत राहायचं?”

बन्सीनं पाना पुसायला घेतला.

तिची जरब बोलण्यात दिसायची, पण आत वेगळंच होतं. गाडी तिच्या खिडकीखालीच लावत, म्हणून मला ऐकू यायचं. यमू चार महिन्यांची असताना तिला न्हाऊ घालताना मांडीचं हाड मोडलं होतं. तेव्हा आजाराचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. मनकर्णाबाई आल्यागेल्याला सांगत, “माझ्या हातानं चार लेकरं न्हाली, एकाचं बोट वाकडं झालं नाय. हिनंच मुरगाळलं.” पुढं डॉक्टरांनी समजावलं की हा जन्माचाच आजार आहे, यात आईचा काही दोष नाही. मनकर्णाबाईंनी मान हलवली. पण तो शब्द काही मागं घेतला नाही. कालिंदी अजून यमूला उचलण्याआधी आपले हात एकदा निरखून बघायची.

त्याच संध्याकाळी बद्रीनाथ म्हशीसाठी सरकी पेंडीची दोन पोती मागं बांधून आला. ब्रेकर झाल्यापासून तिथं गाडीचा ‘धप्प’ आवाज झाला की ती चहा टाकायची. त्या दिवशी धप्प झालंच नाही. गाडी थेट दारात उभी.

“ब्रेकरवरूनच आलात ना?”

“नाही तर काय, वरून उडून?”

ती पोत्यांकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “रिकामी ट्रॉली उड्या मारते, भरलेली गप जाते. याला वजन पाहिजे. आपण कमी पडतोय.”

मला पहिल्यांदाच कुणी तरी ओळखलं. वजनाशिवाय मला मऊ होता येत नाही.

उरलेल्या कुरड्यांचा पुन्हा डबा, पुन्हा गोधडी, या वेळी मागं पेंडीची पोती. कुरडई न कुरडई शाबूत आली. मनकर्णाबाईंनी डबा ताब्यात घेतला. “झालं तुमचं? आता तळून खाऊ द्या.” मग थोड्या वेळानं म्हणाल्या, “पेंडीची पोती घेऊन दवाखान्यात चाललेत. लोक म्हणतील, म्हशीला भरती करायची हाय.” यमू खदखदून हसली. हसताना तिला कुणी धरावं लागत नसे, तेवढं एक बरं होतं.

इथंच आजचं सांगून टाकतो, नंतर मला जमणार नाही. आज मी बन्सीच्या दुकानामागं जुन्या टायरांच्या ढिगात आहे. गाडीला दुसरे, मऊ शॉकअप बसले. यमूचा हात जुळला, किंचित वाकडा. बन्सी गिऱ्हाइकांना मला बोटानं दाखवतो, “ह्यानं पोरीचा हात मोडला, असला माल घेऊ नका.” वस्तीतही हेच बोलतात. माझं मागणं एवढंच, की ते खोडून काढू नका. मला निर्दोष ठरवायला कुणी जाऊ नका.

तर, तारखेच्या दिवशी आम्ही निघालो. पुढं बद्रीनाथ, मध्ये गोधडीत गुंडाळलेली यमू कालिंदीच्या मांडीवर, मागं पोती. ब्रेकर गेला, यमूला कळलासुद्धा नाही. शेंद्रा मागं पडलं. यमू मोठ्यानं ट्रकांचे रंग सांगत होती. कालिंदी त्या दिवशी जवळजवळ हसली.

चिकलठाण्याच्या अलीकडं रस्ता आडवा खणून बुजवला होता. बद्रीनाथला तो उशिरा दिसला. तो ओरडला, “धर!”

मी बसलो आणि उठलो. जन्मात इतकं चांगलं काम मी केलं नव्हतं. पोत्यातली पेंडही हलली नाही. तरी आवाज आला. बारीक, कोरडा. तो माझा नव्हता.

कालिंदीनं भीतीनं यमूला कवटाळलं होतं.

बद्रीनाथनं गाडी लिंबाखाली घेतली. यमू रडत नव्हती, रडलं की हलतं हे तिला माहीत होतं. ओठ पांढरे पडले होते. बद्रीनाथ उतरला आणि त्यानं मला लाथ घातली. “भंगार! भंगार आणलं मी!”

“त्याला मारू नका,” कालिंदी म्हणाली. तिचा हात यमूच्या दंडावर जिथल्या तिथं होता, काढायची हिंमत नव्हती. “ते नाही. मीच आवळलं. माझ्या हातानं झालं.”

रस्त्यानं गाड्या जात होत्या.

“आता आईंना काय सांगू मी?” ती म्हणाली. नवऱ्याला नाही, कुणालाच नाही.

यमूनं मान न हलवता फक्त डोळे वर केले, आधी आईकडं, मग खाली माझ्याकडं.

“आई,” ती म्हणाली, “आपण आजीला शॉकअपचं नाव सांगू.”